झाड लावलं, भाव पडला!

चॉकलेटमधला तो गोल, लोण्यासारखा मॅकाडेमिया खाल्लाय का कधी? सुक्यामेव्यातला अगदी महागडा गडी. म्हणूनच ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर बंडाबर्गच्या आसपास, उसाच्या रानात मॅकाडेमियाच्या बागा उभ्या राहिल्या. शेतकऱ्यांबरोबर बाहेरचे गुंतवणूकदारही उतरले. भाव चढा, झाड मूळचं तिथलंच, मग अडचण काय?

अडचण कॅलेंडरची. ऊस वर्ष-सव्वा वर्षात पैसे देतो. मॅकाडेमियाला पहिली फळं धरायलाच ४-५ वर्षं लागतात आणि भरात यायला ८-१०. तोवर पाणी, खत, मजुरी चालूच. शिवाय भाव बघून लागवड करणारे तुम्ही एकटेच नसता! दक्षिण आफ्रिका, चीन, सगळीकडे बागा वाढत होत्या. माल बाजारात आला आणि २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्याला मिळणारा भाव दोन वर्षांपूर्वीच्या निम्म्याहूनही खाली गेला. नव्या बागा तर अजून भरातही आल्या नव्हत्या. शेअर असता तर विकून मोकळं होता आलं असतं. बागेचं काय करणार?

त्यामुळे उद्या कुणी अशा बागेचं चकचकीत ब्रोशर पुढे केलं, तर परताव्याचा आकडा नंतर बघा. आधी विचारा, झाडं किती वर्षांची आहेत?