कोपर आणि खैरणे

स्ट्रिंगचे तुकडे करणं हा कुठल्याही लँग्वेजमधला सुरुवातीच्या प्रॅक्टिकलचा विषय. स्पेस दिसली की कापायचं आणि शब्द मोजायचे. सोपं आहे ना? मग आपल्या ट्रान्स-हार्बर लाइनवरची ही ओळ घ्या : दिघा गाव ऐरोली रबाळे घणसोली कोपर खैरणे तुर्भे. स्टेशनं सहा, पण प्रोग्राम सांगणार आठ. (दिघा गाव जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. त्याआधी हीच चूक एकाने कमी असती!) 'गाव' नावाचं स्टेशन लोकलच्या नकाशावर नाही, त्यामुळे ती गडबड निदान पकडली तरी जाईल. 'कोपर' मात्र खरंच आहे, मेन लाइनवर, दिवा आणि डोंबिवलीच्या मध्ये! म्हणजे नावं तपासणारा प्रोग्रामही त्याला बिनदिक्कत पास करणार. एरर नाही, काही नाही, फक्त उत्तर चुकीचं. आणि बरेच जण 'कोपरखैरणे' असं जोडूनच लिहितात, ते वेगळंच. अशा यादीत नावांमध्ये स्वल्पविराम टाकावा किंवा एका ओळीवर एकच नाव लिहावं, आणि तिथेच कापावं.

खरोखर स्पेसवरच कापायचं असेल, तर प्रत्येक लँग्वेजची तऱ्हा वेगळी. पायथॉनमध्ये स्प्लिटचा कंस रिकामा ठेवला, तर स्पेस, टॅब, नवी ओळ सगळं चालतं आणि ओळीने आलेल्या चार स्पेस एकच धरल्या जातात. त्याच कंसात अवतरणचिन्हांत एक स्पेस दिली, की दोन स्पेसच्या मधली 'रिकामी' स्ट्रिंगही हातात येते. जावात 'एक किंवा जास्त स्पेस' असा पॅटर्न दिला तरी ओळीच्या सुरुवातीला स्पेस असेल, तर पहिला तुकडा रिकामाच मिळतो. शेवटचे रिकामे तुकडे मात्र जावा स्वतःच टाकून देतं. म्हणून आधी ट्रिम करा. सी मधलं स्ट्रटोक जास्तीच्या स्पेस नीट गिळतं, पण कापताना तुमच्या मूळ स्ट्रिंगमध्येच नल कॅरेक्टर घुसवतं. तेव्हा कॉपी करून मगच द्या.

वेब पेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात कधी कधी नॉन-ब्रेकिंग स्पेस असते. डोळ्यांना ती साध्या स्पेससारखीच दिसते. पायथॉन ३ तिथे कापतं, जावाचा नेहमीचा पॅटर्न कापत नाही. डोकं फिरवणारा बग!

आता मराठीचं बघू. आपले प्रत्यय शब्दाला चिकटून येतात. 'नवी मुंबईत' कापलं तर 'नवी' आणि 'मुंबईत' मिळतात, आणि 'मुंबई' शोधणाऱ्याला ती सापडत नाही. हिंदीत 'मुंबई में' सुटं लिहितात, तिथे हे सहज जमतं. मोडीत तर शब्दांमध्ये जागाच सोडत नसत. आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं. २०१४ पासून मोडी युनिकोडमध्ये आहे. पेशवे दप्तरातलं एखादं पत्र जसंच्या तसं टाइप करून स्प्लिटला दिलं, तर अख्खी ओळ एकच शब्द म्हणून परत येईल.