विश्लेषण : चर्च नसलेल्या गावात पाळक काय करतो? शिरूर कासारच्या शेजारचे दोन धडे

दिवाळी सरली की शिरूर कासार तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवरची घरे एकेक करून कुलूपबंद होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्यांतून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. परततात ती साधारण मार्च-एप्रिलमध्ये. मागे गावात देऊळ असते, सप्ताह असतो, नारायणगड आणि भगवानगडासारखी श्रद्धास्थाने हाकेच्या अंतरावर असतात. पण फडावरच्या कोपीत बाई आजारी पडली, मूल दगावले किंवा मुकादमाशी हिशेबावरून वाजले, तर शेजारी येऊन बसणारे कोण असते?

माणसे धर्मस्थळाकडे येऊ शकत नसतील, तर धर्माने माणसांकडे जायचे का? ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नाची दोन उत्तरे दिली जातात. एक ‘चॅप्लेनसी’, दुसरे ‘पायोनियर मिनिस्ट्री’. हे शब्द परके वाटले, तरी शिरूर कासारच्या शेजारच्या मुलखात या दोन्हींचे प्रयोग झाले आहेत. त्यातले काय टिकले आणि कशावर वाद झाले, हे समजून घेऊ.

चॅप्लेन म्हणजे नेमके कोण?

चौथ्या शतकातील मार्टिन या रोमन सैनिकाची एक कथा सांगितली जाते. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने आपला झगा अर्धा फाडून दिला. पुढे तो झगा पवित्र मानून जपला गेला. झग्यासाठीच्या लॅटिन शब्दावरून तो सांभाळणाऱ्यांना नाव पडले आणि त्यातूनच ‘चॅप्लेन’ हा शब्द आला.

चॅप्लेन हा धर्मसेवकच असतो, पण त्याचे काम चर्चच्या भिंतींबाहेर चालते. रुग्णालय, तुरुंग, सैन्य, महाविद्यालय, बंदर ही त्याची ठिकाणे. तिथे सर्व धर्मांची आणि कोणताही धर्म न मानणारीही माणसे असतात. म्हणून प्रवचनापेक्षा सोबत करणे हे त्याचे पहिले काम ठरते. भारतीय लष्करातही याच्याशी मिळतीजुळती व्यवस्था आहे. तिथे ‘धर्मशिक्षक’ म्हणून पंडित, ग्रंथी, मौलवी आणि पाद्री यांची भरती होते.

मग ‘पायोनियर’ वेगळा कसा?

चॅप्लेन आधीच असलेल्या संस्थेत जातो. पायोनियर, म्हणजे आधी वाट पाडणारा, जिथे चर्चच नाही तिथे जातो. जुन्या चर्चची नक्कल उभी करायची नाही, तिथल्या लोकांच्या जगण्यातून जे रूप घेईल ते घेऊ द्यायचे, अशी यामागची कल्पना. इंग्लंडमधील अँग्लिकन चर्चने २००४ मधील एका अहवालानंतर यासाठी स्वतंत्र पाळक निवडायला सुरुवात केली. महाराष्ट्रात हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी पुढे आला होता.

आपल्या भागात याची सुरुवात कधी झाली?

कंपनी सरकारच्या काळात चॅप्लेन आणि मिशनरी या दोन वेगळ्या जाती होत्या. चॅप्लेन सरकारी पगारावर असे आणि प्रामुख्याने गोऱ्या अधिकाऱ्यांची, सैनिकांची सेवा करी. स्थानिक लोकांत जाण्याचे काम मिशनरी करत.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला केंद्र उघडले. १८४२ मध्ये तिथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. शिरूर कासारची हद्द ज्या पाथर्डी तालुक्याला लागते, तो तालुका याच जिल्ह्यातला. मात्र बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. निजामाच्या मुलखात नाव घ्यावे लागते ते नारायण शेषाद्री यांचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जालन्याजवळ त्यांनी ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वस्ती वसवली. त्यासाठी जमीन दिली ती हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी.

नगरच्या मिशनमधील मराठी माणसांना एक गोष्ट लवकर उमगली. खुर्चीवर बसून ऐकायचे प्रवचन गावात चालत नाही, कीर्तन चालते. १८६० च्या दशकात कृष्णराव सांगळे आदींनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. आशय ख्रिस्ती होता, पण उभे राहण्याची पद्धत आणि साथसंगत इथली होती. पायोनियर मिनिस्ट्रीची व्याख्या आज जे सांगते, ते इथे तेव्हाच घडत होते.

टिळकांनी मिशनचा पगार का सोडला?

याच प्रवाहातले सर्वांत मोठे नाव म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. कोकणातील करजगाव इथे १८६१ मध्ये जन्मलेल्या टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे नगर आणि राहुरी ही त्यांची कर्मभूमी झाली. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

पण मिशनचा पाळक हा मिशनचा नोकर दिसतो, ही बोच त्यांना होती. ख्रिस्त इथल्या माणसाला साहेबाचा देव वाटतो, याचे एक कारण त्यांना या व्यवस्थेतच दिसत होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात बंधुत्वाने एकत्र येऊ शकत होते. चर्चची सभासद नोंदवही ही त्याची अट नव्हती.

प्रयोगाला वेळ मात्र मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ चालला नाही. एका माणसाच्या तेजावर उभे राहिलेले काम त्या माणसाबरोबर मंदावते, हा इथला पहिला धडा.

जामखेडमध्ये वेगळे काय घडले?

दुसरा धडा शिरूर कासारहून आणखी जवळचा आहे. मध्ये पाटोदा तालुका ओलांडला की जामखेड. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य १९७० मध्ये इथे आले. दोघांचे शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये झालेले. दोघेही श्रद्धावान ख्रिस्ती. ते पाळक किंवा चॅप्लेन नव्हते, त्यांनी चर्चही उभारले नाही. उभा राहिला तो सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प.

बाहेरून आलेली नर्स गावात रुळत नाही, हे लक्षात आल्यावर त्यांनी गावातलीच बाई निवडून तिला आरोग्यसेविका केले. यातल्या अनेक जणी दलित, अनेक निरक्षर. प्रशिक्षणासाठी त्या जामखेडला एकत्र राहत, एकत्र जेवत, आणि जातीची शिवाशिव तिथेच ढिली होई. दुष्काळात हातपंप घेताना जागा दलित वस्तीत निवडल्या. मग सगळ्या गावाला पाण्यासाठी तिथेच यावे लागले.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार सुरुवातीला या भागात हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. अडीच दशकांत हा आकडा ३० च्या खाली आला. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकाशनाने जामखेडची दखल घेतली. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल १९९९ मध्ये आणि रजनीकांत २०११ मध्ये गेले, पण काम थांबले नाही. कारण ते गावातल्या बायांच्या हाती आधीच गेलेले होते.

आक्षेप कोणते? कायदा काय सांगतो?

सेवेच्या आडून धर्मांतर होते, हा आक्षेप जुना आहे आणि तो हवेतून आलेला नाही. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर नगर परिसरात बाप्तिस्म्यांची संख्या वाढली. भुकेने केलेली निवड किती मोकळी असते, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. त्याची दुसरी बाजूही आहे. गावाने विहिरीवर येऊ न दिलेल्या माणसाला मिशनच्या शाळेत मुलाला बसायला जागा मिळाली, तर त्याचा निर्णय केवळ भुकेचा होता, असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरते.

राज्यघटनेचे कलम २५ सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून धर्म आचरण्याचे आणि त्याचा प्रचार करण्याचे स्वातंत्र्य देते. १९७७ च्या ‘रेव्हरंड स्टॅनिस्लॉस’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले की, प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही.

चॅप्लेनसीची शिस्त आणखी पुढे जाते. खाटेवर पडलेला रुग्ण उठून जाऊ शकत नाही, कैदी दार उघडून बाहेर पडू शकत नाही. म्हणून त्याने विचारल्याशिवाय श्रद्धेचा विषय काढायचा नाही आणि त्याला त्याच्याच धर्माचा माणूस हवा असेल तर तो बोलावून द्यायचा, हा या कामाचा संकेत आहे.

ऊसतोड मजुरांच्या तालुक्याला याचा उपयोग काय?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहून थोडी कमी होती. शिरूर कासारसारख्या भागात मुद्दा चर्च किती उभी राहतील हा नाहीच. मुद्दा फिरत्या माणसामागे कोण फिरणार, हा आहे.

जगभरच्या बंदरांत चॅप्लेन जहाजांवर जाऊन खलाशांना भेटतात. महिनोन्‌महिने घरापासून दूर, करारात अडकलेला, तक्रार कुणाकडे करावी हे न कळणारा खलाशी आणि फडावरचा ‘कोयता’ यांची अवस्था फार वेगळी नाही. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्या शस्त्रक्रियांआधी या बायांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणारे, ‘दुसऱ्या डॉक्टरला विचारू’ म्हणणारे कुणी त्यांच्याजवळ असते, तर?

असे जवळ बसणारा पाद्रीच असायला हवा असे नाही. तो वारकरी असेल, भिक्खू असेल, मौलवी असेल किंवा गावचीच आशाताई असेल. कोपीपर्यंत जाणाऱ्या कुणालाही इथला इतिहास तीन प्रश्न विचारायला सांगतो. तुमचा पगार कोण देतो आणि त्याला बदल्यात काय हवे आहे? तुम्हाला नाही म्हटले, तरी मदत मिळेल का? आणि तुम्ही गेल्यावर हे काम चालवायला आमच्यातले कोण तयार असेल?