बेड्या तुटल्यावर पुढें काय?

विज्ञानाच्या आधारें रचलेल्या कल्पित कथांत एक प्रसंग पुनःपुन्हा येतो. द्रव्यासाठीं लढणाऱ्या सैनिकांची एक टोळी दूरच्या ग्रहावर उतरते, तेथें दास होऊन पडलेल्या परक्या जीवांच्या बेड्या तोडते आणि कथा संपते. ते जीव दुसऱ्या दिवशीं काय खातात, कोठें जातात, हें मात्र कथा सांगत नाहीं. त्याचें उत्तर शोधण्यास परग्रहावर जावयास नको. घाटकोपर-मुलुंडवरून जाणारा लोहमार्ग पुढें ज्या नाशकास पोंचतो, तेथेंच तें सांपडतें. शरणपूर रोड हें तेथील नांव सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु त्या शरणपुरांत एके काळीं आफ्रिकेंतील मुक्त झालेलीं दास मुलें वाढलीं, हें थोड्यांसच ठाऊक असतें.

एकोणिसाव्या शतकांत पूर्व आफ्रिकेंतून पकडलेलीं माणसें तारवांत कोंबून झांझिबार, अरबस्तान व इराणी आखाताकडे नेत. इंग्रजांच्या लढाऊ जहाजांनीं तीं तारवें अडवावीं, अशी व्यवस्था होती. ह्या कामाला बक्षीसही होतें. सोडविलेल्या प्रत्येक दासामागें ५ पौंड मिळत व ते अधिकारी आणि खलाशी यांच्यांत हुद्द्याप्रमाणें वांटले जात. विकणारा जशीं डोकीं मोजी, तशीं सोडविणाराही मोजी! तारवाच्या आकारमानावरही पैसे मिळत असल्यामुळें निरपराध व्यापाऱ्यांचीं तारवें जाळलीं गेल्याच्या तक्रारी झाल्या. तथापि लोभानें कापलेला दोरही कापलेलाच असतो. ज्याच्या गळ्याचा फांस सुटला, त्याला सोडविणाऱ्याच्या हेतूची चिकित्सा करण्याचें प्रयोजन नसतें.

खुष्कीच्या वाटेवरही असे प्रसंग घडत. १८६१ सालीं आजच्या मलावी देशांत डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या टोळीला दासांचा एक तांडा आढळला. पहारेकरी पळून गेले. ८४ जण मोकळे झाले. त्यांत बायका व मुलें पुष्कळ होतीं. पुरुषांच्या मानेंतील लांकडी बेळके करवतीनें कापावे लागले आणि त्याच लांकडांवर त्या लोकांनीं आपलें अन्न शिजविलें. त्यांत चुमा नांवाचा एक मुलगा होता. १८६४ सालीं लिव्हिंग्स्टन त्याला आपल्या लहानशा आगबोटींतून मुंबईस घेऊन आले आणि डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेंत ठेवून गेले.

जहाजांनीं मुंबईस आणलेल्या मुलांपैकीं कित्येकांची रवानगी शरणपुरास होई. तेथें चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमांत त्यांना लिहिणें-वाचणें, सुतारकी, लोहारकी असे विषय शिकवीत. त्यांना नवीं नांवें व नवा धर्मही मिळाला. त्याबाबत त्यांची इच्छा कोणी विचारली असेल, असें दिसत नाहीं. मुक्तीचा हा एक उणेपणा नमूद केला पाहिजे. असाच एक विद्यार्थी जेकब वेनराइट या नांवानें पुढें प्रसिद्धीस आला.

१ मे १८७३ रोजीं आजच्या झांबियांत लिव्हिंग्स्टन मरण पावले. पगार देणारा धनी गेला. आतां प्रत्येकानें आपल्या वाटेनें जावें, असेंच व्यवहार सांगतो. परंतु सुसी, चुमा व त्यांच्या सोबत्यांनीं त्यांचें हृदय तेथेंच झाडाखालीं पुरलें, वेनराइटनें प्रार्थना वाचली, आणि तो देह हजार मैलांहून अधिक वाहून १८७४ च्या फेब्रुवारींत समुद्रकांठीं पोंचविला. १८ एप्रिल १८७४ रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत नाशकास शिकलेला वेनराइट होता.

पुढें १८७५ सालीं मोंबासाजवळ मुक्त दासांची वसाहत झाली. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या नांवावरून तिला फ्रियर टाउन म्हणूं लागले. तेथें नाशकाहून गेलेलीं माणसें शिक्षक व कारागीर म्हणून राहिलीं. ‘मुंबईचे आफ्रिकन’ अशी त्यांची ओळख पडली.

बेडी तोडण्यास एक घटका पुरते आणि ती पगारी शिपायालाही तोडतां येते. त्यानंतर मात्र अन्न, आसरा, विद्या व हातांत एखादा धंदा हीं वर्षानुवर्षें द्यावीं लागतात. सुटलेला मनुष्य जेव्हां स्वतःच्या इच्छेनें दुसऱ्याचें ओझें खांद्यावर घेतो, तेव्हां त्याची मुक्ती पुरी झाली असें समजावें.