न दुखणारें दुखणें

सुश्रुतसंहितेंत अर्बुदाचें वर्णन गोल, स्थिर, मंद वेदनेचें व सावकाश वाढणारें असें केलें आहे. आजचे डॉक्टरही स्तनांतील कर्करोगाच्या गांठीविषयीं बहुधा हेंच सांगतात. ती आरंभीं दुखत नाहीं. आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठीं आमच्या घरांतील स्त्री डॉक्टरांकडे जात नाहीं. सणवार, मुलांच्या परीक्षा, आल्यागेल्याचा पाहुणचार उरकला कीं मग आपल्या प्रकृतीकडे पाहूं, असें ती म्हणते, आणि तो दिवस येत नाहीं.

गर्भाशयाच्या मुखाच्या रोगाची गोष्ट याहून अवघड. अंगावर पांढरें जातें, अवेळीं रक्त दिसतें, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा डाग पडतात. हें बोलावयाचें कोणापाशीं? नवऱ्यापाशीं संकोच, सासूबाईंपाशीं त्याहून अधिक. वास्तविक हा रोग बहुतेक वेळां एका विषाणूच्या दीर्घ संसर्गापासून उद्भवतो, आणि पेशींतील आरंभींच्या बिघाडास कर्करोगाचें रूप येण्यास कित्येक वर्षें लागतात. एवढी सवड कोणता दुसरा रोग देतो? तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत 30 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांमागें ही तपासणी कधींही झालेल्या दोनही भरल्या नाहींत. स्तनांच्या तपासणीची संख्या तर एकाहूनही कमी. सुशिक्षित घरें यांतून सुटलीं असतील, अशी आमची समजूत नाहीं.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानें 1998 सालीं आरंभिलेला प्रयोग येथें सांगण्याजोगा आहे. झोपडपट्ट्यांतील 35 ते 64 वयाच्या सुमारें दीड लाख स्त्रिया त्यांत होत्या. त्यांपैकीं निम्म्यांची दर दोन वर्षांनीं तपासणी झाली, आणि ती करणाऱ्या डॉक्टर नव्हेत, तर मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या व कांहीं आठवडे शिक्षण दिलेल्या बाया होत्या! साधन काय, तर शिरक्यांत असतें तेंच आम्ल, शेंकडा 4 प्रमाणाचें. कापसानें तें गर्भाशयमुखास लावावयाचें. बिघडलेली जागा मिनिटभरांत पांढरी दिसते. पांढरी दिसली म्हणजे कर्करोगच, असें मात्र नव्हे. पुढची परीक्षा करावी लागते. या साध्या उपायानें गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यु शेंकडा 31 नीं घटले. हातांनीं स्तन तपासण्याचा लाभ पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्पष्ट दिसला. त्यांतील मृत्यु सुमारें शेंकडा 30 नीं कमी झाले. उरलेल्या निम्म्या स्त्रियांस केवळ माहिती दिली, तपासलें नाहीं, यावर पुढें टीका झाली. ती आमच्या मतें अगदींच गैरवाजवी नव्हती.

पाळी गेल्यानंतर आम्लाची परीक्षा तितकी भरंवशाची राहत नाहीं. अशा वेळीं विषाणूची परीक्षा अधिक उपयोगी, असें तज्ज्ञ म्हणतात.

सरकारी आरोग्यकेंद्रांतून 30 वर्षांवरील स्त्रियांसाठीं तपासणीची योजना आहे. घरांतील कर्त्या पुरुषांनीं 'जा' म्हणून मोकळें होऊं नये. त्या दिवशींचा स्वयंपाक कोण करणार तें आधीं ठरवावें. आणि सासूबाईंनीं सुनेस नुसतें पाठवूं नये, स्वतःही बरोबर जावें. वयानें धोका त्यांसच अधिक आहे. पाळीचे दिवस तेवढे वगळून दिवस नेमावा, आणि परीक्षा करणारी स्त्रीच असावी असें वाटत असल्यास तसें आधीं विचारून घ्यावें.