कोलेस्टेरॉलची गोळी आणि स्तनांची घनता

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आई, काकू किंवा आजी रात्री जेवण झालं की एक छोटी गोळी घेते. विचारलं तर म्हणते, "कोलेस्टेरॉलची आहे रे." पाकिटावर ॲटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन असं नाव असतं. या औषधांना स्टॅटिन म्हणतात. 'ही गोळी स्तनांवरही परिणाम करते म्हणे,' असं कानावर आलं की कुणी घाबरून गोळी बंद करते, तर कुणाला वाटतं, चला, आता कॅन्सरचीही भीती गेली! दोन्ही समज घाईचे आहेत.

आधी औषधाचं बघू. जपानच्या अकिरा एन्डो यांना १९७० च्या दशकात एका बुरशीत पहिलं स्टॅटिन सापडलं. यकृतात कोलेस्टेरॉल तयार व्हायला जे एन्झाइम लागतं, ते हे औषध अडवतं. मग यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं आणि हृदयविकाराचा धोका कमी होतो. १९८७ मध्ये अमेरिकेत लोव्हास्टॅटिनला परवानगी मिळाली आणि ही औषधं बाजारात आली.

आता घनता म्हणजे काय? स्तनात दूधग्रंथी, तंतू आणि चरबी असते. मॅमोग्राफीच्या चित्रात चरबी काळसर दिसते, ग्रंथी आणि तंतू पांढरे. पांढरा भाग जास्त असला की स्तन 'घन' म्हणतात. हाताला घट्ट लागणं वेगळं. घनता फक्त चित्रातच कळते. अडचण अशी, की कॅन्सरची गाठही पांढरीच दिसते. कापसाच्या ढिगात पांढरा मणी शोधावा, तसं होतं. शिवाय फार घन स्तनांमध्ये कॅन्सरचा धोकाही जास्त असतो. जॉन वुल्फ या अमेरिकन डॉक्टरांनी १९७६ मध्येच हे मांडलं होतं. तरी घनता हा काही आजार नव्हे. ती पुष्कळ बायकांमध्ये असते आणि पाळी थांबल्यावर बहुधा कमी होते.

मग स्टॅटिनचा संबंध कुठे आला? शरीर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कोलेस्टेरॉलपासूनच बनवतं आणि इस्ट्रोजेनमुळे स्तनातल्या पेशी वाढतात. कोलेस्टेरॉलपासून शरीरात बनणारा आणखी एक पदार्थ काहीसा इस्ट्रोजेनसारखाच वागतो, असं २०१३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. टॅमॉक्सिफेन या औषधाने घनता कमी होते, हेही माहीत होतं. तेव्हा स्टॅटिनही तेच करेल का, असा प्रश्न पडणं साहजिकच होतं.

पण इथे एक गफलत होऊ शकते. स्टॅटिन घेणाऱ्या बायका बहुतेक वयाने मोठ्या आणि वजनाने जास्त असतात. वय आणि वजन वाढलं की स्तनात चरबीचं प्रमाण तसंही वाढतं. त्यामुळे गोळी घेणाऱ्यांची घनता कमी दिसली, तरी ती गोळीमुळेच झाली असं म्हणता येत नाही. याचं उत्तर चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडूनच मिळतं: एकाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधाची. पाळी चालू असलेल्या बायकांवर ॲटोरव्हास्टॅटिनची अशी चाचणी झाली. कोलेस्टेरॉल उतरलं; घनतेत मात्र म्हणावा तसा फरक पडला नाही.

म्हणून स्टॅटिन घ्यायचं ते हृदयासाठी. घनता कमी व्हावी म्हणून ते सुरू करू नये आणि स्तनांच्या भीतीने, डॉक्टरांना न विचारता, बंद तर मुळीच करू नये.

आईचा रिपोर्ट इंग्रजीत असतो आणि तो वाचून दाखवायचं काम बहुधा आपल्याकडेच येतं. त्यात घनतेसाठी ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर असेल. सी किंवा डी म्हणजे घन. तसं असेल तर सोनोग्राफी करावी का, हे डॉक्टरांना विचारा. आणि गाठ लागली, कातडी आत ओढली गेली, बोंडातून रक्त आलं, तर जुना रिपोर्ट चांगला होता म्हणून गप्प बसू नका. आई संकोचाने बोलणार नाही. आपणच विचारायला हवं.