हॉटेलातील पहिली नोकरी : मुलाखतीची तयारी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या बँकेच्या काउंटरवर ढाणकीचाच एक ओळखीचा विद्यार्थी आला. नांदेडच्या एका हॉटेलात वेटरच्या जागेसाठी तो मुलाखत देऊन आला होता. "ग्राहक म्हणाला भाजी थंड आहे, तर काय करशील?" या प्रश्नाला तो गप्प राहिला आणि जागा गेली. मुलगा बारावी पास, वागायला चांगला. पण या नोकरीलाही तयारी लागते, हे त्याला आपल्यापैकी कोणीच सांगितले नव्हते. म्हणून हा लेख.

प्रथम मनातील अढी काढली पाहिजे. "शिकून शेवटी कपबश्याच धुवायच्या का?" असे घरोघरी म्हटले जाते. हा प्रश्न जुन्या जखमेतून येतो. हॉटेलाबाहेर ठेवलेली वेगळी कपबशी आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिली आहे. चहा पिऊन ती स्वतःच विसळून ठेवावी लागे. पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर जावे लागले. पुढे १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या कलम १५ ने उपाहारगृहाचे दार सर्वांना खुले केले. १९५५ च्या कायद्याने, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, अस्पृश्यतेच्या कारणावरून तेथील भांडी वापरू न देणे किंवा नोकरीस मज्जाव करणे गुन्हा ठरवला. तेव्हा आपल्या मुलाने त्याच ठिकाणी स्वच्छ गणवेशात पाणी घेऊन उभे राहणे, यात कमीपणा कसला?

आता तयारीविषयी. मुलाखतीच्या आधी एकदा त्या हॉटेलात जाऊन चहा घ्यावा. पदार्थांची यादी वाचावी, गर्दीची वेळ पाहावी, कोण काय काम करतो ते न्याहाळावे. टेबल पुसणारा, मोरीवाला, वेटर, कॅप्टन, गल्ल्यावरचा माणूस अशी कामाची उतरंड असते. नवख्याला बहुधा खालून सुरुवात करावी लागते. "कोणते काम कराल?" असे विचारल्यास "सांगाल ते करीन, वाढण्याचे काम शिकण्याची इच्छा आहे," असे सरळ सांगावे.

मालक पदवीपेक्षा हात आधी पाहतो. नखे कापलेली, केस विंचरलेले, कपडे साधे पण धुतलेले असावेत. तंबाखू, खर्रा खाऊन जाऊ नये. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखालील नियमांनुसार अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करावी लागते. जुलाब, ताप किंवा हाताला उघडी जखम असताना अन्नाला हात लावायचा नसतो. एवढे माहीत असलेला उमेदवार उठून दिसतो.

प्रश्न साधेच असतात. ऑर्डर कशी घ्याल? आधी पाणी द्यावे, ऑर्डर लिहून घ्यावी आणि ग्राहकाला पुन्हा वाचून दाखवावी. ग्लास खालून धरावा, काठाला बोट लागू देऊ नये. शाकाहारी व मांसाहारी पदार्थांचे चमचे वेगळे ठेवावेत. ग्राहक चिडला तर वाद न घालता क्षमा मागावी, पदार्थ परत न्यावा आणि कॅप्टनला कळवावे.

कोणी आडनाव खोदून विचारले तर लपवू नये. नाव-गाव ठामपणे सांगावे आणि बोलणे कामावर आणावे.

आपणही विचारावे : पगार किती व कोणत्या तारखेला, कामाचे तास किती, आठवड्याची सुट्टी कोणती, राहण्या-जेवण्याची सोय आहे काय. वीस किंवा अधिक कामगार असतील तर भविष्य निर्वाह निधीची चौकशी करावी. दाखल्यांच्या छायाप्रती द्याव्यात, मूळ कागद कोणाजवळ ठेवू नयेत. "नोकरीसाठी आधी पैसे भरा" म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. अशा नादात खाते रिकामे झालेली माणसे आमच्यासमोर रडली आहेत.

त्या विद्यार्थ्याला आम्ही घरीच सराव करायला सांगितले. त्याचे आजोबा ग्राहक होऊन ओसरीवर बसले. नातवाने पाणी दिले, ऑर्डर लिहून घेतली. "भाजी थंड आहे," असे आजोबांनी मुद्दाम चारदा म्हटले. पुढच्या मुलाखतीत तो गप्प राहिला नाही. त्याचा पहिला पगार खात्यात जमा झाला, तेव्हा पासबुक भरून घ्यायला आजोबाच आले होते.

विद्यार्थी मित्रांनो, असा सराव विहारात रविवारी तासभर सहज घेता येईल. ग्राहक होऊन बसायला आम्ही तयार आहोत.

जय भीम!