सहा दिवसांचा नेम आणि रविवारचे जेवण

अलिबागजवळच्या एका शाळेत विज्ञान शिक्षकांचा प्रशिक्षण वर्ग चालू होता. मधल्या सुट्टीत एक बाई हातात वही घेऊन आल्या. रक्तातील साखर सीमारेषेवर आली आहे, चार-पाच किलो वजन उतरवा, असे डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते. सोमवार ते शनिवार त्या मोजून-मापून खात. रविवारी घरात मासळी येई, पाहुणे येत. त्या दिवशी कसलेच बंधन पाळायचे नाही, असे त्यांनी स्वतःशी ठरवून टाकले होते. कॉलेजात जाणाऱ्या मुलाने याला 'चीट डे' म्हणतात असे सांगितले होते, आणि त्यामुळे मंदावलेले शरीर पुन्हा वेग घेते, अशी ग्वाहीही दिली होती.

वहीत रोज सकाळचे वजन लिहिलेले होते. शनिवारी दिसणारी घट सोमवारी नाहीशी होई आणि गुरुवार-शुक्रवारकडे पुन्हा परत येई. बाईंनी विचारले, "सर, मी पुढे जाते आहे की जागच्या जागीच आहे?"

प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर देण्यासाठी वजनकाटा नेमके काय मोजतो, येथून सुरुवात करावी लागते.

वजनकाटा चरबी मोजत नाही. तो हाडे, स्नायू, चरबी, पोटातले अन्न आणि पाणी यांची बेरीज सांगतो. यांतील चरबी दिवसाकाठी फार थोडी बदलते. पाणी मात्र एका रात्रीत किलो-दीड किलोने इकडे-तिकडे होऊ शकते. याची दोन मुख्य कारणे आहेत. पहिले ग्लायकोजेन. आपण खाल्लेल्या कर्बोदकांचा काही भाग शरीर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवते. प्रौढ माणसाच्या यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम. हा साठा कोरडा नसतो. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. सहा दिवस कमी जेवल्यावर या कोठारातून समजा ३०० ग्रॅम ग्लायकोजेन खर्च झाले, तर त्याबरोबर ९०० ग्रॅम पाणीही जाते आणि काटा सव्वा किलोने खाली येतो. रविवारी भात-भाकरी पोटभर झाली की कोठार भरते आणि तेवढाच काटा वर जातो. यात चरबीचा संबंध आलेलाच नाही.

दुसरे कारण मीठ. शरीरातील द्रवाचा खारटपणा शरीर कसोशीने सांभाळते. एक लिटर द्रवामागे तो सुमारे नऊ ग्रॅम मिठाइतका असतो. म्हणजे जादा खाल्लेले नऊ ग्रॅम मीठ मूत्रपिंडांनी बाहेर टाकेपर्यंत सुमारे एक लिटर पाणी अडवून ठेवते. खारवलेली मासळी, लोणचे, पापड आणि संध्याकाळचे फरसाण एकाच दिवशी झाले तर सोमवारी सकाळी बोटातली अंगठी घट्ट का होते, हे यावरून कळेल. पेण-उरणकडच्या मिठागरांच्या मुलखात मिठाचा हा गुण विद्यार्थ्यांना वेगळा पटवून द्यावा लागू नये.

आता चरबीचा हिशेब करू. आकडे सोयीचे घेतले आहेत. शिक्षकांनी ते आपापल्या वर्गात बदलून पाहावेत. बाईंची रोजची गरज २००० किलोकॅलरी आहे आणि सहा दिवस त्या १५०० खातात, असे धरू. सहा दिवसांची तूट ३००० झाली. एक किलो चरबीच्या ऊतीत साधारण ७७०० किलोकॅलरी साठवलेल्या असतात, म्हणून या तुटीतून सुमारे ३९० ग्रॅम चरबी उतरायला हवी. रविवारी सकाळी दोन वडापाव आणि चहा, सुमारे ७००. दुपारी तांदळाच्या तीन भाकऱ्या ६५०, ताटभर भात ३५०, सुरमईचे दोन तळलेले तुकडे ३५०, नारळाच्या वाटणाचे कालवण २५०, सोलकढी १००, म्हणजे १७००. संध्याकाळी काहीतरी गोड ३००, आणि रात्री दुपारचेच उरलेले ८००. बेरीज ३५०० झाली आणि कोणीही अघोरी खाल्ले असे म्हणणार नाही. गरजेपेक्षा १५०० जास्त आले. आठवड्याची तूट ३००० वरून १५०० वर आली, म्हणजे बरोबर निम्मी, आणि चरबीची घट सुमारे १९५ ग्रॅम राहिली. रविवारी ५००० झाले असते तर सहा दिवसांची सगळी कमाई गेली असती.

वहीतले कोडे इथे सुटते. सोमवारी काटा दोन किलो वर गेला तरी त्यात चरबी फार तर पाव किलोच्या आत असते, म्हणून सोमवारची निराशा खोटी. पण गुरुवारी काटा दोन किलो खाली आला म्हणून होणारा आनंदही तितकाच खोटा, कारण गेले ते पाणी. माझ्या मते 'मोकळ्या वाराने वजन उतरते' ही समजूत बऱ्याच अंशी या गुरुवारच्या आकड्यातून जन्मली आहे. रविवारी जेवलो आणि चार दिवसांत दोन किलो उतरलो, असे डोळ्यांनी पाहिल्यावर माणूस चयापचयाला वेग आल्याचीच खात्री बाळगणार.

तरीही वेगाच्या या दाव्यात अगदीच तथ्य नाही असे नाही. अन्न तुटले की शरीर खर्च कमी करते, ही गोष्ट पक्की आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले आणि विश्रांतीतील ऊर्जाखर्च त्याहूनही अधिक प्रमाणात उतरला. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिन या संप्रेरकाचे जनुक शोधले, तेव्हा यामागच्या यंत्रणेचा एक धागा हाती आला. लेप्टिन चरबीच्या पेशींतून रक्तात येते आणि कोठारात किती शिल्लक आहे याची वर्दी मेंदूला देते. खाणे कमी झाले की चरबी फारशी उतरण्याआधीच, थोड्या दिवसांत, लेप्टिन घसरते. भूक वाढते, हालचाल नकळत मंदावते, थायरॉइडचे कामही थोडे आखडते. मग तर्क असा लढवला गेला की, आठवड्यातून एकदा भरपूर खाल्ले तर लेप्टिन वाढेल आणि मेंदूला 'सुकाळ आहे' असा निरोप जाईल.

हा तर्क तपासून पाहता येतो. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात दहा निरोगी, सडपातळ स्त्रियांना तीन दिवस गरजेपेक्षा ४० टक्के जास्त कर्बोदकयुक्त आहार दिला. लेप्टिन २८ टक्क्यांनी वाढले आणि चोवीस तासांचा ऊर्जाखर्च ७ टक्क्यांनी वाढला. तेवढेच जादा अन्न स्निग्ध पदार्थांच्या रूपाने दिले तेव्हा लक्षणीय वाढ दिसलीच नाही. मोकळ्या वाराचे समर्थक यातले २८ आणि ७ हे आकडे सांगतात, ४० हा आकडा सांगत नाहीत. चाळीस रुपये जादा जमा झाले आणि सात रुपये जादा खर्च झाले, तर तेहेतीस रुपये खात्यात राहतात, हे सहावीचा विद्यार्थीही सांगेल.

मोकळ्या वाराच्या बाजूने आणखी एक प्रयोग पुढे केला जातो. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ५१ स्थूल पुरुष होते. एका गटाने १६ आठवडे सलग आहार कमी ठेवला. दुसऱ्याने तेच १६ आठवडे दोन-दोन आठवड्यांचे तुकडे करून पाळले आणि मध्ये दोन-दोन आठवड्यांची विश्रांती घेतली. सलग पाळणाऱ्यांचे वजन सरासरी ९.१ किलो, तर विश्रांती घेणाऱ्यांचे १४.१ किलो उतरले. फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. पण ती विश्रांती म्हणजे मेजवानी नव्हती. त्या काळात प्रत्येकाला वजन कायम राहील एवढाच, हिशेब करून, आहार दिला होता. शिवाय या गटाला एकूण ३० आठवडे लागले. तेव्हा या प्रयोगावरून अधूनमधून गरजेपुरते पोटभर जेवण्याचा पुरस्कार करता येईल, रविवारी ३५०० खाण्याचा नाही.

शनिवार-रविवारचा परिणाम थेटही पाहिला गेला आहे. अमेरिकेतील सेंट लुई येथे पन्नाशीतील माणसांच्या वर्षभराच्या अभ्यासात (२००८) असे दिसले की, आहार कमी करणाऱ्यांचे वजन कामाच्या दिवशी उतरे आणि आठवड्याच्या शेवटी उतरायचे थांबे. उतरलेले वजन टिकवून असलेल्या सुमारे चौदाशे लोकांच्या दुसऱ्या पाहणीत (२००४), सातही दिवस साधारण सारखे खाणाऱ्यांत पुढच्या वर्षी वजन टिकण्याची शक्यता दीडपट आढळली. अर्थात अशा पाहणीत कार्यकारणभाव लगेच जोडू नये. सारखे खाणारी माणसे इतरही बाबतीत नेमाची असू शकतात.

रायगडच्या किनाऱ्यावर या प्रश्नाला आणखी एक अंग आहे. आठवड्याचे वार इथे आधीच ताटात वाटून दिलेले आहेत. बहुतेक घरांत रविवार, बुधवार, शुक्रवार मासळीचे आणि सोमवार, गुरुवार, शनिवार बिनमासळीचे किंवा उपासाचे असतात. म्हणजे मोकळ्या वाराची उलटी बाजू, उपासाचा वार, आपल्याकडे जुनीच आहे. तिचा उपयोग होतो का? इंग्लंडमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १०७ स्त्रियांपैकी काहींनी आठवड्यातून दोनच दिवस आहार फार कमी ठेवला, बाकीच्यांनी रोज थोडा कमी ठेवला. सहा महिन्यांत पहिल्यांचे वजन ६.४ आणि दुसऱ्यांचे ५.६ किलो उतरले. म्हणजे जवळजवळ सारखेच. मात्र त्या दोन दिवसांत अन्न खरोखरच कमी होते. आपल्या उपासाचे मोजमाप करून पाहा. ६० ग्रॅम साबुदाणा २१०, ३० ग्रॅम शेंगदाणे १७०, १५ ग्रॅम तूप १३५, थोडा बटाटा ३५; खिचडीची एक बशी ५५० किलोकॅलरींची झाली. संकष्टीला चंद्रोदयानंतरच्या एका उकडीच्या मोदकात तांदळाची पिठी, ओले खोबरे आणि गूळ मिळून दीडशे, वर चमचाभर तूप घेतले की दोनशे. पाच मोदकांचे हजार. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' असे म्हणणाऱ्या पूर्वजांना किलोकॅलरी ठाऊक नव्हती, पण निरीक्षण चोख होते.

मला स्वतःला मोकळ्या वारातली खरी अडचण हिशेबापेक्षा मनाची वाटते. हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक पाजून मग हवे तेवढे आइस्क्रीम खायला दिले. एरवी मनसोक्त खाणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले, ते स्वाभाविकच होते. खाण्यावर सदा लगाम ठेवणाऱ्या मुलींनी मात्र मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम उलट जास्त खाल्ले. 'उपास मोडलाच आहे, तर आता पोटभर जेवू' ही वृत्ती आपल्या परिचयाची आहे. एका दिवसाला 'चीट', म्हणजे फसवणुकीचा, असे नाव दिले की उरलेले सहा दिवस शिक्षेचे ठरतात आणि सातव्या दिवशी भूक नसतानाही वसुली केली जाते. वाढत्या वयाच्या मुलामुलींनी तर या चक्रात पडूच नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी उपास आणि मेजवानी दोन्ही डॉक्टरांना विचारूनच करावी; त्यांच्या बाबतीत प्रश्न वजनाचा नसून त्या दिवशी साखर किती उतरेल-चढेल याचा असतो.

आपल्याकडे हे जपण्याचे कारणही आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपल्या दोघांचे छायाचित्र छापले होते. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. वरून बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगात चरबी जास्त असू शकते. म्हणूनच आपल्याकडे २५ ऐवजी २३ पासूनच निर्देशांक जास्त मानतात, आणि थोडे वजन उतरले तरी साखरेला फायदा होतो.

बाईंच्या वहीतले सोमवारचे आकडे आम्ही बाजूला ठेवले आणि फक्त शुक्रवारचे आठ आकडे आलेखावर मांडले. रेषा उतरती होती. आठ आठवड्यांत दीड किलोच्या आसपास. त्या पुढेच जात होत्या, पण निम्म्या वेगाने. रविवारची मासळी सोडण्याची गरज नव्हती. तळण्याऐवजी कालवण, भाकरी किंवा भात यांपैकी एकच, आणि सकाळचे वडे व रात्रीचे उरलेले वगळले की बऱ्याच किलोकॅलरी वाचतात. तेवढ्यावर रविवार जवळजवळ गरजेइतकाच होतो.

वर्गात हा पाठ घ्यायचा असेल तर ५० ग्रॅम कोरडा साबुदाणा तराजूवर मोजा, रात्रभर भिजवा, पाणी निथळून सकाळी पुन्हा मोजा. स्टार्च आणि ग्लायकोजेन दोन्ही ग्लुकोजच्या साखळ्याच आहेत. वजन किती वाढले ते फळ्यावर लिहा आणि त्यात साबुदाणा किती, पाणी किती, असे मुलांना विचारा.